माळरान ओसाड नाही, तिथे सीडबॉल टाकू नका

पाऊस तोंडावर आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. "महाराष्ट्रात लाखो एकर माळरान ओसाड पडलंय, एकेकाळी तिथे घनदाट अरण्य होतं, आपण तोडलं. प्रत्येकाने सीडबॉल टाका, जंगल उभं राहील, विहिरी भरतील, वन्यप्राण्यांना घर मिळेल, फक्त चराई बंद करा." सीडबॉल म्हणजे मातीच्या गोळ्यात वळलेल्या बिया. इतकी वर्षं हा मेसेज वाचून सोडून देत होतो. यावेळी तो धाकट्या बहिणीने पाठवला, ती शाळेत शिकवते आणि पोरांना घेऊन जवळच्या माळावर सुबाभळीच्या बिया टाकायचं तिने ठरवलंय. तिचा हेतू चांगला आहे, म्हणून तर जास्त त्रास होतो. एकेक मुद्दा घेऊया.

"एकेकाळी इथे घनदाट अरण्य होतं."

कुठे? सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर म्हणत असाल तर ठीक, तिथे जंगल होतं आणि तोडलंही गेलं. पण माण-खटाव, बारामती, इंदापूर, सोलापूर हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, आणि मग सात-आठ महिने कोरडे. अशा ठिकाणी गवत आणि मधूनमधून काटेरी झाड हेच मूळचं निसर्गरूप असतं. हे माझं मत नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघा संशोधकांनी 2025 मध्ये 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास छापलाय, तो या फॉरवर्डवाल्यांनी वाचायलाच हवा. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य, लोककथा, गाणी चाळली आणि पश्चिम महाराष्ट्राच्या या भागातल्या कुठल्या रानटी वनस्पतींची नावं त्यात येतात ते काढलं. 44 जाती सापडल्या आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश या उघड्या माळाच्या. बाभूळ, हिवर, खैर, पळस, तरवड. आता ही झाडं ज्याने पाहिलीत त्याला माहितीय की यांना ऊन लागतं, दाट जंगलाच्या सावलीत बाभूळ टिकत नाही. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वी माणसं ज्या प्रदेशात फिरत होती, ज्याच्याबद्दल लिहीत होती, गात होती, तो तेव्हाही माळच होता. इंग्रजांनी रेल्वेसाठी जंगल तोडलं म्हणून माळ झाला, हे जे हमखास सांगितलं जातं ना, ते या भागापुरतं इथेच संपतं, कारण माळ इंग्रजांच्या कितीतरी आधीचा आहे.

उलट इंग्रजांनी केलं काय तर ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक म्हणून कागदावर टाकली, आणि आपण तीच पद्धत पुढे चालवली. आजही सरकारच्या वेस्टलँड अ‍ॅटलासमध्ये, म्हणजे पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात, झुडपी माळ पडीक जमिनीतच मोजला जातो. कागदावर पडीक दिसलं की लागवडीचं टार्गेट तिकडे जाणं सोपं होतं.

"वन्यप्राण्यांना घर मिळेल."

या वाक्याने मला सगळ्यात जास्त संताप येतो. कुठल्या प्राण्याला? माळढोक पक्षी जमिनीवर घरटं करतो, बहुतेक वेळा एकच अंडं घालतो, आणि धोका लांबून दिसावा म्हणून त्याला मोकळी जागा लागते. काळवीट शत्रूला दुरून बघून वेगाने पळतं, त्याचा सगळा जीव नजरेवर आणि पायांवर, दाट झाडीत ना नजर चालते ना पाय. भोवत्या हे शिकारी पक्षी हजारो किलोमीटरवरून हिवाळ्यात येतात आणि रात्री गवतात जमिनीवर बसतात, झाडावर नाही. माळटिटवी, धाविक, पखुर्डी सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. खोकड आणि लांडगा माळावर, नाहीतर ओढ्याच्या काठाला बीळ करून पिल्लं वाढवतात. तुम्ही तिथे जेसीबीने चर खोदता, खड्डे मारता, ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावता, चार वर्षांत खाली गवत विरळ होतं, आणि मग फोटो टाकता की बघा किती हिरवं झालं. त्या हिरव्यात चंडोलसुद्धा राहत नाही!

सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली माळढोकसाठी अभयारण्य झालं, आज तिथे माळढोक दिसणं हीच बातमी असते. देशभरात मिळून रानात दीडशेच्या आसपासच उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे. याला एकटी झाडं जबाबदार नाहीत हे मान्य. विजेच्या तारा आहेत, शिकार झाली, माळ नांगरून ऊस आणि द्राक्षं आली. पण माळ वाचवायचा म्हणून त्यावर झाडं लावणं हे त्याच यादीत जातं.

कच्छचं बन्नी बघा. अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचं गवताळ रान, रणातला खार पुढे सरकू नये म्हणून 1960 च्या सुमारास तिथे वेडी बाभूळ (आपली बाभूळ नव्हे, बाहेरून आणलेलं काटेरी झाड) लावली. आज बन्नीचा मोठा भाग तिने गिळलाय, गवत गेलं, आणि ज्यांच्या म्हशी त्या गवतावर जगतात ते मालधारी इतकी वर्षं ती उपटायच्या मागे आहेत. लावणं एका पिढीचं काम, काढणं कितीही पिढ्यांचं.

"विहिरी भरतील."

2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जगभरच्या लागवडींचा आढावा आला होता. गवताळ आणि झुडपी जमिनीवर झाडांचे मळे लावल्यावर ओढ्यांचं पाणी सरासरी 52 टक्क्यांनी घटलं आणि 13 टक्के ओढे किमान वर्षभर पूर्ण आटले. झाड पाणी पितं, गवतापेक्षा जास्त आणि जास्त खोलवरून. दक्षिण आफ्रिकेत तर 1995 पासून पाणी वाचवायला बाहेरून आलेली झाडं तोडायचा सरकारी कार्यक्रम चालू आहे.

"तळ्याकाठच्या दलदलीत निलगिरी लावा, डास जातील" अशीही एक ओळ मेसेजच्या खाली जोडलीय. दलदल जिवंत असेल तर मासे आणि चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, आणि नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत येणारे पक्षी उथळ पाणी, चिखल आणि उघड्या काठासाठीच येतात. यावर जास्त लिहीत नाही.

"चराई बंद करा."

यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. गावालगतची कितीतरी गायरानं इतकी खाल्ली गेलीत की पवना आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं संपून फक्त निकस कुसळी उरलीय, माती वाहून चाललीय. अशा तुकड्यांना दोन-तीन पावसाळे मोकळं ठेवायला हवं, मारवेल-पवन्याचं बी टाकायला हवं. पण त्यासाठी धनगराला माळावरून हाकलायची गरज नाही. तो एका जागी बसतच नाही, मेंढरं घेऊन फिरता असतो, पावसाळ्यात माळावर, नंतर लोकांच्या शेतात मेंढरं बसवून खत देतो. माळ कुठे जास्त खाल्ला गेला आणि कुठे विश्रांती द्यायची हे ठरवताना आधी त्याला विचारा.

झाडं लावायचीच असतील तर बांधावर लावा, रस्त्याकडेला लावा, शाळेच्या आवारात लावा, जिथे खरोखर जंगल तुटलंय तिथे तिथलीच झाडं लावा. आणि तुमच्या गावच्या गायरानावर लागवडीचा ठराव येणार असेल तर ग्रामसभेत जाऊन तीन गोष्टी विचारा: कुठली झाडं, खड्डे आणि चर किती, आणि आत्ता तिथे कुठलं गवत आहे ते कुणी बघितलंय का. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर ठराव थांबवायला सांगा.