"पेन्शन किती बसंल?" एवढंच विचारलं होतं मामांनी

आज ३१ मे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून जन्मतारीख टाकली, ती अख्खी पिढी आज निवृत्त होते. सांगली-मिरज-कुपवाडात आज किती शाली खपल्या असतील! त्यातल्याच एका कार्यक्रमातून आत्ता आलोय आणि डोकं फिरलंय.

कुपवाड एमआयडीसीतला एक कारखाना. २९ वर्षं लेथवर (लोखंड कातायच्या यंत्रावर) काढलेले ५८ वर्षांचे टर्नर मामा. फेटा, शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, त्यांच्या बायकोची, म्हणजे मावशींची ओटी, सगळं रीतसर. शेवटी मामांच्या हातात माईक दिला, तर त्यांनी हात जोडून एवढंच विचारलं, "सायेब, पेन्शन किती बसंल?" स्टेजवर आठ जण बसलेले. एकालाही सांगता येईना. एक पाहुणे म्हणाले, "मामा, पैशाचं काय घेऊन बसलाय? आता आराम करा, नातवंडं खेळवा, पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जावा." लोक हसले. मामाही हसले आणि घड्याळ काखेत मारून खाली बसले.

हसण्यासारखं काय होतं त्यात?

दोन मिनिटांचं गणित आहे हो. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन म्हणजे पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, पण तीही मर्यादेत. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा, नंतरच्या सेवेला १५,००० ची. मामा जून १९९६ ला लागले. आधीची १८ वर्षं धरली तर १,६७१ रुपये, नंतरची ११ धरली तर २,३५७. वीस वर्षांवर सेवा झाली की दोन वर्षं वाढवून मिळतात. सगळं मिळून सव्वाचार ते साडेचार हजार. बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) २८ हजार असलेल्या माणसाला महिन्याला एवढेच. (वाढीव पगारावरच्या पेन्शनचा अर्ज ज्यांनी मुदतीत केला त्यांचं गणित वेगळं. मामांनी केलेला नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.)

हा आकडा मामांना ५५ व्या वर्षी कळायला हवा होता. कधी थांबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण ठरवायला आधी आकडा तर हातात पाहिजे! आपल्याकडे माणूस थांबतो तो कार्यक्रमाची तारीख ठरली म्हणून.

आणखी एक गोष्ट निम्म्या कामगारांना माहीत नसते. नोकरी सोडण्याचं वय आणि पेन्शनचं वय ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. निवृत्तीचं वय कारखान्याच्या स्थायी आदेशात नाहीतर युनियनच्या करारात लिहिलेलं असतं, कुठे ५८, कुठे ६०. पेन्शन मात्र ५८ पूर्ण झाली की सुरू करता येते, नोकरी चालू असली तरी! ५८ नंतर मालकाच्या हिश्श्यातले महिन्याचे १,२५० पेन्शन फंडात जायचे थांबतात आणि तुमच्या पीएफमध्ये पडतात. ज्यांच्या कारखान्यात ६० आहे ते पगार घेत दोन वर्षं पेन्शनही घेऊ शकतात. कितीजण घेतात?

मग कुणीतरी सल्ला देतं, "पेन्शन ६० ला घ्या, वाढून मिळते." वाढते, वर्षाला ४ टक्के. मामांच्या ४,२०० वर दोन वर्षांनी महिन्याला ३४३ रुपये जास्त. त्यासाठी सोडायचे किती? चोवीस महिन्यांचे १ लाख ८००. ते भरून निघायला साडेचोवीस वर्षं, म्हणजे मामा ८४ ओलांडल्यावर. दोन वर्षं पेन्शन फंडात भरणाही चालू ठेवला तर सेवा वाढते आणि फायदा आठशेपर्यंत जातो, तेव्हा दहा-साडेदहा वर्षांत वसूल होतं. तब्येत ठणठणीत आणि घरात दुसरं उत्पन्न असेल तरच त्याचा विचार करावा. उलट, ५० नंतर नोकरी सोडून लवकर पेन्शन घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी, आणि ती घट मरेपर्यंत. मुलीच्या लग्नाच्या घाईत ही चूक फार होते.

"पोरांना नोकऱ्या नाहीत आणि म्हाताऱ्यांनी जागा अडवल्यात" असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच. बरोबर आहे, पोरांनाही काम मिळालं पाहिजे. पण मामांच्या लेथवर उद्या जो पोरगा उभा राहील, त्याला टेपर (निमुळता उतार) कसा काढायचा, पातळ जॉब (कातायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत आवळल्यावर का वाकतो, हे शिकवणार कोण? तो घड्याळ देणारा पाहुणा?

शरीराचं मात्र खरं बोलावं. साठीकडे झुकलेल्या टर्नरचे आधी डोळे जातात. मोतीबिंदू पिकायला लागला की माप घ्यायच्या व्हर्नियरवरचा ०.०२ मिमीचा भाग रात्रपाळीच्या उजेडात दिसत नाही, जॉब रिजेक्ट होतो आणि माणूस स्वतःलाच दोष देत राहतो. मग गुडघे, कारण दिवसाचे आठ तास सिमेंटच्या जमिनीवर उभं राहणं. तिसरी पाळी त्या वयात कुणीच करू नये. पण त्यासाठी घरीच बसायला पाहिजे असं कुणी सांगितलं? सेटिंग, इन्स्पेक्शन, नवीन पोरांना शिकवणं, हे दिवसपाळीत चार तास बसून होण्यासारखं काम आहे. कामाची जात बदला, तास कमी करा.

फक्त परत कामावर बोलावलं तर तोंडी "या की उद्यापासून" वर जाऊ नका. आधी सेवामुक्तीचं पत्र आणि ग्रॅच्युइटी हातात घ्या. ग्रॅच्युइटी म्हणजे बेसिक-डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मामांची ४ लाख ६८ हजार होते. ती ३० दिवसांत द्यायची असते, उशीर केला तर व्याजासकट. "काम चालूच आहे ना, देऊ की नंतर" असं म्हणणारे भेटतात. त्यांना नमस्कार करा आणि लेखी अर्ज द्या. मग नवीन पत्र घ्या: तास किती, पैसे किती, आणि अपघात झाला तर खर्च कुणाचा. व्हाउचरवर, म्हणजे हजेरीपटावर नाव नसताना काम करणाऱ्या माणसाचं बोट चकमध्ये गेलं की सगळे हात वर करतात.

सगळ्यात जास्त राग मला दवाखान्याच्या बाबतीत येतो. कंपनीचा ग्रुप विमा आज संध्याकाळी संपला. मामांना शुगर आहे. आज नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सरकारी आरोग्य विम्याचं, आयुष्मानचं वय वंदना कार्ड सत्तरीला. मधली बारा वर्षं काय करायचं? महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, मान्य. पण ती ठरलेल्या उपचारांना, ठरलेल्या दवाखान्यांत. महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. म्हणून स्वतःची पॉलिसी ५५ ला, नोकरीत असतानाच काढायची. ज्यांचं ईएसआय (कामगार राज्य विमा) निवृत्तीपर्यंत चालू होतं आणि पाच वर्षं भरलंय, त्यांना तर वर्षाला १२० रुपयांत नवरा-बायको दोघांचे उपचार चालू ठेवता येतात. हे कुठल्या निरोप समारंभात सांगितलेलं ऐकलंय तुम्ही?

पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे आले की पहिल्या महिन्यातच सगळ्यांना मामांची आठवण येते. कुणाला बोअर मारायचा असतो, कुणाला फ्लॅटचं डिपॉझिट भरायचं असतं, आणि कुणाचा तरी मेहुणा पतसंस्थेत असतो, "दोन टक्के जास्त देतो" म्हणून. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो नाही. मामा, पोस्टात जा. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० नंतरची असली तरी निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही खातं काढता येतं, पण पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ८.२ टक्के, व्याज तिमाहीला. १८ लाख ठेवले तर तीन महिन्यांनी ३६,९००, म्हणजे महिन्याला १२,३००. त्यात पेन्शन मिळवा, साडेसोळा हजार. दोन माणसांचं घर चालतं, महागाई मात्र दर वर्षी त्यातला घास काढून घेणार. म्हणून दोन-तीन वर्षं अर्धवेळ काम करून मुद्दलाला हात न लावणं परवडतं.

आणि ही सगळी गणितं कागदावर अडतात. आधारवर १ जून, पीएफला दुसरीच तारीख. एकीकडे आडनाव आहे, दुसरीकडे नाही. आधीच्या कारखान्याची चार वर्षं ट्रान्स्फरच केलेली नाहीत. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने चढवलेली नाही. जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि जुनी शाळा गावाकडे असेल तर रजिस्टर हुडकण्यातच दोन महिने जातात. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफचं शिबिर असतं, तिथे ही सगळी म्हातारी माणसं पिशवी घेऊन उभी असतात. निवृत्तीनंतर नाही, तीन वर्षं आधी जायचं असतं तिथे.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मघाशी मंडपात खुर्च्या उचलताना मामा हळूच मावशींना म्हणत होते, "काय तरी यील की. मोकळं न्हाई ऱ्हाणार." मावशी काहीच बोलल्या नाहीत. मामांच्या मागे त्यांना निम्मीच पेन्शन, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मामा, पोरगं ही पोस्ट वाचून दाखवेल तुम्हाला. सोमवारी दहाला या, पेन्शनचा अर्ज, १०-डी भरून टाकू. येताना आधार, शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक आणि रद्द केलेला चेक घ्या. मावशींनाही घेऊन या, जोडीचा फोटो लागतो.