शिकारीचं कपाट

आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात जिन्याखाली भिंतीतलं एक कपाट आहे, त्याला सगळे शिकारीचं कपाट म्हणतात. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंद झाली, आजोबांची बंदूक रीतसर जमा झाली, पण बाकीचा संसार आत तसाच. खाकी कोट, कॅनव्हासचा तंबू, चामडी बूट, काडतुसांचा रिकामा पट्टा, बंदुकीची चामडी खोळ. आजोबांनी किती रानडुकरं मारली हा आकडा मात्र ते जाऊन वीस वर्षं झाली तरी दर दिवाळीला वाढतोय.

तर जुलैमध्ये छत्री शोधायला म्हणून दार उघडलं आणि आतून जो कुबट वास आला तो म्हणजे भिजलेलं कुत्रं, जुन्या वह्या आणि चार दिवसांची भाकरी एकत्र. आमच्या जिल्ह्यातल्या दाजीपूरला १९५८ सालापासून गव्यांचं अभयारण्य आहे, आणि गव्याचं नाक किती तिखट असतं हे आजोबाच सांगायचे, वारा अंगावरून जनावराकडे जाऊ द्यायचा नाही वगैरे, आता तो कोट घालून कोण बिंदू चौकात जरी उभा राहिला असता तरी तिकडं अख्खा कळप कर्नाटकात गेला असता.

मी म्हटलं टाकून देऊया. बाबा म्हणाले, "आधी मला टाक."

मग उपाय सुरू. डांबरगोळ्या टाकल्या, दोन दिवसांनी कुबट अधिक डांबरगोळी असा नवा वास तयार झाला, कारण त्या गोळ्या कसर पळवतात, ओलीशी त्यांचं काही देणंघेणं नाही, हे मला नंतर कळलं. वाटीत खायचा सोडा ठेवला, तो आमच्या आईनं भज्यात वापरला. शेवटी कापूर आणि ऊद. शेजारच्या काकू आल्या, जिन्यापाशी चपला काढल्या, कपाटाला हात जोडले आणि विचारलं, "नवीन देव बसवलायसा व्हय?"

बूट घेऊन चप्पल लाईनला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं बुटात नाक घातलं (धाडस बघा) आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच ते जनावर मारलंय. "हे प्लास्टिकात कुणी बांधलं?" मी बांधलं होतं, गेल्या उन्हाळ्यात, हौसेनं. "चामड्याला वारं लागतंय. वासाच्या मागं लागू नकासा, ओल कुठनं येत्या ते बघा. आणि उन्हात टाकू नका, तडकंल. सावलीत वाळवा, मग तेलाचा हात द्या."

जुलैत कोल्हापुरात उन्हात टाकू नका म्हणणं म्हणजे समुद्रात जेवू नका म्हणण्यासारखं आहे, पण ते असो.

घरी येऊन सगळं बाहेर काढलं. तंबूच्या घडीत हिरवट-काळी बुरशी, अगदी मखमलीसारखी, बोट लावलं की धूर उडायचा. तोंडाला मास्क बांधून गच्चीच्या पत्र्याखाली ब्रशनं झाडलं, फळ्या व्हिनेगरनं पुसल्या, आणि कपाट रिकामं झाल्यावर मागची भिंत दिसली. लोणा धरलेली, गिलावा पापडासारखा सुटलेला. पलीकडं बाथरूम, पाईप गळतोय, किती वर्षं देव जाणे. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याला शिकारीचा वास म्हणत होतो तो आमच्या अंघोळीचा होता.

प्लंबर तीनदा 'आलोच' म्हणून चौथ्यांदा आला. भिंत वाळायला पुढचे दीड महिने गेले, तोवर तंबू हॉलमध्ये सोफ्यावर आणि पाहुणे खाली.

आता आत ओल शोषणारा एक डबा ठेवलाय, वर कॅल्शियम क्लोराईडचे पांढरे खडे, ते हवेतलं पाणी ओढतात आणि खाली साठवतात. ते पाणी चामड्यावर सांडलं तर चामडं खराब होतं, म्हणून बाबांनी डब्यावर मार्करनं दोन रेघा मारल्यात. खालची ३९, वरची ४३. पंचगंगेच्या पुराची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात तशा, इशारा आणि धोका. रोज सकाळी चहाआधी वाकून बघतात आणि फॅमिली ग्रुपवर टाकतात. आजचा मेसेज: "कपाट ३८. संथ वाढ. बूट सुरक्षित स्थळी हलवले."