सशाचा फोटो काढण्याविषयी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ज्यांनी घर घेतले आहे, त्यांना परसातला ससा वेगळा विकत घ्यावा लागत नाही. तो घराबरोबरच येतो आणि कर्जाचे हप्ते आपण भरत असलो तरी जागेचा खरा उपभोग तोच घेतो. न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे चार-पाच गुंठ्यांचे गवत, कडेला झुडपांची रांग आणि एका कोपऱ्यात बायकोचा भाजीचा वाफा आहे. एवढ्याशा मुलुखात इथला कॉटनटेल जातीचा तपकिरी ससा सकाळ-संध्याकाळ हक्काने चरायला येतो. तो कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला नाही, अस्सल रानटी प्राणी आहे. लोक पैसे मोजून, जीपमध्ये हाडे खिळखिळी करून घेत ताडोब्याला जातात, आणि इथे वन्यजीवन स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येऊन चरत असताना आपण नुसता चहा पीत बसावे, हे मनाला पटेना. म्हणून मी तीनशे मिलिमीटरची लेन्स मागवली. तिची किंमत घरात अजून कुणाला माहीत नाही आणि या लेखातही ती येणार नाही.

लेन्स आल्यावर सशाच्या शरीररचनेकडे जरा बारकाईने पाहिले, तेव्हा आपला फोटो निघू नये याच हेतूने ती झाली असावी अशी शंका येऊ लागली. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला चहूकडचे आणि वरचेही जवळजवळ सगळे एकाच वेळी दिसते. दिसत नाही ते फक्त नाकासमोरचे थोडेसे, पण तिथे पोहोचायचे तर आधी उरलेल्या साऱ्या टापूतून त्याच्या देखत चालत जावे लागते. दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे एका कानाने तो रस्त्यावरच्या गाडीचा कानोसा घेत असला, तरी दुसरा आमच्या मागच्या दाराच्या बिजागरीवर तैनात असतो. बिजागरीला मी तेल घातले, कॅमेरा आवाज न करणाऱ्या शटरवर ठेवला, चपला काढल्या; पण माझ्या गुडघ्यांना तेल घालण्याची सोय नव्हती.

त्यात त्याची कामाची वेळ. जून महिन्यात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि ससा त्याच्याही आधी हजर असतो. दिवसभर, म्हणजे उजेड फुकट वाया जात असताना, तो झुडपात पडून राहतो आणि पुन्हा उगवतो तो थेट तिन्हीसांजेला. त्या अंधुक प्रकाशात शटर १/६० सेकंदावर आणले की त्याचा अखंड चालणारा जबडा पुसट येतो, आणि १/१००० वर नेऊन आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ६४०० केली की सशाच्या अंगावर निसर्गाने न दिलेली रवाळ लव उगवते. शिवाय या लेन्सने पाच मीटरवरून फोटो काढताना पुढून मागे जेमतेम दहा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. ससा चाळीस सेंटिमीटरचा असतो. डोळा पकडावा तर पार्श्वभाग धुक्यात जातो, आणि कॅमेऱ्याची आपोआप नेम धरणारी यंत्रणा पुष्कळदा पार्श्वभागालाच पसंती देते.

धोका जाणवला की कॉटनटेल पहिल्यांदा जागच्या जागी थिजतो. वाचताना हे छायाचित्रकाराला वरदान वाटेल, मलाही वाटले होते. पण थिजण्यासाठी तो जी जागा निवडतो, तिच्यापुढे गवताची एक तरी काडी हमखास उभी असते, आणि मग फोटोत त्या काडीची शीर न् शीर मोजता येते. आपण ती काडी टाळण्यासाठी वीतभर सरकलो, की तो नागमोडी उड्या मारत धूम ठोकतो. त्याचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास जातो, आणि माझ्या बोटाचा वेग, सकाळी साडेपाचला, त्याहून बराच कमी असतो. पळत्या सशाची शेपटी वर उचललेली असल्याने तिची पांढरी बाजू तेवढी लख्ख दिसते. माझ्या संगणकात अशा पांढऱ्या शेपट्यांचा जो संग्रह झाला आहे, तो एखाद्या विद्यापीठाने मागितल्यास मी आनंदाने देईन.

प्राण्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढावा, असे सर्व जाणकार सांगतात. सशाच्या बाबतीत ही पातळी जमिनीपासून वीतभर वर येते, म्हणजे गवतात पालथे पडणे आले. हे जाणकार बहुधा न्यू जर्सीत राहत नसावेत. इथल्या गवतात हरणांवरच्या गोचिडी असतात, त्यांची लहान अवस्था खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि तिच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. जवळच्या कनेटिकट राज्यातल्या ज्या गावावरून हे नाव पडले, ते इथून गाडीने अडीच-तीन तासांवर आहे, पण गोचिडी त्या अंतराची पर्वा करीत नाहीत. परिणामी रोज सकाळी घरात शिरण्यापूर्वी मागच्या दारात दोन्ही हात वर करून उभे राहणे आणि बायकोने चष्मा लावून, टॉर्च मारून माझी झडती घेणे, हा आमच्या संसाराचा नवा नेम झाला. झडतीत गोचीड सापडली नाही तर ती विचारते, "फोटो मिळाला का?" या प्रश्नापेक्षा गोचीड परवडली.

शेजारणीचे प्रकरण थोडक्यात सांगतो. पहाटे झुडपाशी पालथा पडलेला आणि तिच्या घराच्या दिशेने लांबलचक काळी लेन्स रोखलेला माणूस पाहून ती कॉफीचा मग घेऊन बाहेर आली. ओरडून खुलासा करावा तर ससा पळेल, म्हणून मी पडल्या पडल्याच डोक्यावर दोन बोटे उभी धरून कान हलवून दाखवले. ती आत गेली आणि तिने घराचे सगळे पडदे ओढून घेतले.

मे महिन्याच्या अखेरीस सशीण गवताच्या ऐन मध्यावर व्यायली. कॉटनटेल बीळ खणत नाहीत. जमिनीत उथळसा खळगा करून त्यात वाळके गवत आणि स्वतःच्या पोटाचे केस अंथरतात आणि वरूनही तेच पांघरूण घालतात. पिल्ले जन्मतः आंधळी आणि बिनकेसांची असतात, आणि आई त्यांच्याकडे फिरकते ती पहाटे आणि संध्याकाळी, काही मिनिटे दूध पाजण्यापुरतीच, कारण ती तिथे बसून राहिली तर कोल्ह्याला आणि ससाण्याला पत्ता कळतो. गावाकडे ज्वारीच्या रानात हिंडणाऱ्या आपल्या सशाची पिल्ले केसांसकट आणि उघड्या डोळ्यांनी जन्माला येतात, हे सासूबाईंनीच मला सांगितले. त्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि इथल्या सशांविषयी त्यांचे मत पहिल्या दिवसापासून वाईट होते.

पिल्ले खळग्यात असेपर्यंत तिथून गवत कापायचे यंत्र फिरवणे शक्य नव्हते, म्हणून गवत वाढू दिले. आमच्या वसाहतीच्या समितीचे पत्र आले, त्यात गवताच्या उंचीचा उल्लेख इंचांत होता. मी खुलासा पाठवला, त्यांनी तो वाचला की नाही देव जाणे. मात्र ज्याच्यासाठी हे सारे केले, तो ससा आता त्या गवतात कानांच्या टोकांपलीकडे दिसेनासा झाला. नाही म्हणायला एकदा तो झुडपालगतच्या मोकळ्या तुकड्यात आला आणि त्याने डँडेलियनचे एक लांब देठाचे फूल बुंध्याशी कुरतडून उचलले. देठ एका टोकाकडून मागेपुढे न होता सावकाश आत सरकत गेला, शेवटी मिशांच्या मधोमध नुसते पिवळे फूल उरले, आणि मग तेही आत गेले. असे दृश्य मी आयुष्यात पाहिले नव्हते. कॅमेऱ्याची बॅटरी तेव्हा आत चार्जिंगला लावलेली होती.

दरम्यान वाफ्यातली मेथी वर आली होती. मेथी ही क्लोव्हरच्या, म्हणजे सशाच्या रोजच्या जेवणातल्या गवताच्या, नात्यातली वनस्पती असल्यामुळे त्याला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. एका सकाळी अर्धा वाफा बुडख्यांपर्यंत उतरलेला पाहून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आधी त्याला हाकला, फोटो मग काढा." मी त्यांना वन्यजीव छायाचित्रणात आमिषाचे महत्त्व काय असते, हे समजावण्याचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतले आणि लेकीला बरोबर घेऊन त्या जाळी आणायला गेल्या.

सशापुरती दोन फूट उंचीची जाळी पुरते, खालची कडा तेवढी जमिनीत पुरावी लागते. ती मायलेकींनी व्यवस्थित पुरली. दुकानात मात्र दोन इंची भोकांचीच जाळी शिल्लक होती, आणि अशा भोकांतून मोठा ससा जात नसला तरी तीन आठवड्यांचे पिल्लू सहज जाते. खळग्यातून नुकतेच बाहेर पडलेले त्यातले एक पिल्लू वाफ्यात शिरले आणि ससाणा नाही, मांजर नाही, अशा त्या राखीव कुरणात भर सकाळच्या उन्हात निवांत मेथी खात बसले. उजेड भरपूर होता, अंतर चार हात होते, पिल्लू हलत नव्हते, आणि कॅमेऱ्याने मोठ्या आत्मविश्वासाने जाळीच्या तारेवर नेम धरला. तेव्हा मी स्वयंपाकघरातले स्टूल आणले, त्यावर चढून जाळीच्या वरून लेन्स खाली रोखली आणि पिल्लू बिथरून उडी मारायच्या आत बटण दाबले.

फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत कौतुकाचा पाऊस पडला. मामांनी लिहिले की अमेरिकेत इतकी तजेलदार मेथी येते हे माहीत नव्हते. वहिनींनी बी इकडून नेले की तिकडचे, अशी चौकशी केली, आणि इंडियन दुकानातल्या फोडणीच्या मेथीदाण्यांतूनच ती उगवल्याचे बायकोने सविस्तर कळवले. कोल्हापूरच्या मावशींनी, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने, फोटो मोठा करून पाहिला असावा. मधोमध तपकिरी दिसते आहे ते शेणखत का, आणि तिकडे ते मिळते का, असे त्यांनी विचारले. सासूबाईंनी त्यांना "हो, भरपूर" असे उत्तर पाठवले.