मेंब्रेन बसवा, 90 टक्के ऊर्जा वाचवा? हिशेब नीट मांडू

रासायनिक उद्योगाबद्दल एक दावा सध्या सर्रास फिरतो. डिस्टिलेशनचे (उकळून मिश्रण वेगळं करणारे) उंच कॉलम म्हणजे उष्णता गिळणारं जुनं तंत्र, त्यांच्या जागी मेंब्रेन, म्हणजे रेणू गाळणारा पातळ पडदा, लावलं की 90 टक्के ऊर्जा वाचते, समुद्राच्या पाण्यात हे सिद्धही झालंय, आणि तरी कारखानदार ढिम्म हलत नाहीत.

90 हा आकडा हवेतून आलेला नाही. डेव्हिड शॉल आणि रायन लाइव्हली या रासायनिक अभियंत्यांनी 2016 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलेल्या लेखात तो आहे. मात्र त्याच लेखात अडचणीही मांडल्या होत्या. पुढे ढकलताना आकडा राहिला, अडचणी गळाल्या.

मुळात कॉलमला लागते वाफ आणि मेंब्रेनला लागते पंप-कॉम्प्रेसरची वीज. औष्णिक केंद्रात साधारण तीन युनिट उष्णता खर्चावी तेव्हा एक युनिट वीज हाती येते. म्हणजे 10 युनिट वाफेच्या जागी 1 युनिट वीज लागली, तर कागदावर बचत 90 टक्के, कोळशाच्या हिशेबात 70. तीही चांगलीच, पण 90 नव्हे. शिवाय साखर कारखान्यात टर्बाइन फिरवून बाहेर पडलेलीच वाफ पुढे वापरतात. ती वाफ आणि ग्रिडची वीज एकाच तागडीत कशी घालायची?

समुद्राच्या पाण्याचं उदाहरण खरं आहे. आरओ प्रकल्पात (दाब देऊन मेंब्रेनमधून पाणी गाळतात तिथे) एक घनमीटर गोड पाण्याला 3 ते 4 युनिट वीज लागते. तेवढं पाणी नुसतं उकळून वाफ करायची, उष्णता परत न वापरता, तर 600 च्या वर युनिट उष्णता हवी. पण मीठ आणि पाणी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रोपिलीन आणि प्रोपेन हे दोन वायू घ्या: एक उणे 48 अंशांना उकळतं, दुसरं उणे 42 ला, आणि रेणूंचा आकार जवळपास सारखा. प्लास्टिकसाठी प्रोपिलीन 99.5 टक्के शुद्ध लागतं. मेंब्रेनमधून एकदा गाळून ते सहसा मिळत नाही. टप्पे वाढवावे लागतात, मधे वायू पुन्हा दाबावा लागतो, आणि बचत तिथेच मुरते.

'कॉलममधली उष्णता वाया जाते' हे तर अर्धसत्य. याच प्रोपिलीनच्या कॉलममध्ये शंभरावर ट्रे (एकावर एक आडव्या थाळ्या) असतात, आणि बऱ्याच ठिकाणी माथ्यावरची वाफ दाबून तळाच्या रिबॉइलरमध्ये, म्हणजे तळचा द्रव उकळवणाऱ्या भागात, थंड करतात. तिचीच उष्णता तळ उकळवते. उकळबिंदू जवळजवळ असल्यामुळेच हे परवडतं. इथेनॉलच्या डिस्टिलरीतही एका कॉलमच्या माथ्याची वाफ कमी दाबाखालचा दुसरा कॉलम उकळवते. (जुन्या प्लांटमध्ये ही सोय नसेल, तर तिथे उधळपट्टी होते हे मान्य.)

राहिला ढिम्मपणाचा आरोप. महाराष्ट्रातल्या डिस्टिलऱ्यांकडे बघा. वजनाने 95.6 टक्क्यांना इथेनॉल आणि पाणी अडून बसतात, साध्या डिस्टिलेशनने पुढे जात नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला 99.5 च्या वर हवं. पूर्वी यासाठी बेंझीन किंवा सायक्लोहेक्झेन घालून आणखी कॉलम चालवत. आता मॉलिक्युलर सिव्ह (अतिसूक्ष्म छिद्रांचे दाणे) आलं: त्याच्या 3 अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे रेणूएवढ्या, छिद्रांत पाणी शिरतं, इथेनॉल शिरत नाही. शेवटचं पाणी सिव्ह काढतं. त्याआधीचं, आंबवलेल्या वॉशमधलं (ज्यातून इथेनॉल काढतात त्या पातळ द्रवातलं) ढीगभर पाणी मात्र आजही कॉलमच काढतो.