पंच फक्त मॅचपुरता राबत नाही

'आठवड्यातून एक दिवस काम, मग पेन्शन कशाला?' पंचांच्या पेन्शनच्या मागणीवर टीका करणाऱ्या लेखातलं हे वाक्य अजिबात पटलं नाही. २०१२ साली अमेरिकेत एनएफएलने (तिथल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगने) आपल्या पंचांना कामाबाहेर ठेवलं, तेव्हा वादाचा मोठा मुद्दा पेन्शनचाच होता. बदली पंचांवर मोसम सुरू केला. २४ सप्टेंबरला सिएटल आणि ग्रीन बे या संघांच्या सामन्यातल्या शेवटच्या खेळीवर दोन पंचांनी दोन वेगळ्या खुणा केल्या, देशभर बोंब झाली आणि दोन दिवसांत समझोता झाला. इतके दिवस जे परवडत नव्हतं, ते अचानक परवडलं!

मी प्रभादेवी-परळ भागात बारा वर्षं कबड्डीची पंचगिरी केली. चढाई करणाऱ्याला बोनस म्हणजे जादा गुण द्यायचा तर त्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे, दुसरा हवेत, समोर किमान सहा बचावपटू. हे सगळं एका क्षणात टिपायचं, तेही रात्री अकराला, दिवसातल्या सहाव्या सामन्यात. त्याआधी दिवसभर नोकरी. एकदा अंतिम सामन्यात बोनस नाकारला म्हणून पन्नासेक जणांनी घेरलं. शर्टाची बाही फाटली. आयोजकांपैकी एकही मधे पडला नाही, हरलेल्या संघाचाच कर्णधार मला स्टेशनपर्यंत सोडायला आला, त्या मुलाला मी विसरणार नाही. दादरहून शेवटची विरार जेमतेम मिळाली. मानधनाचं पाकीट दोन महिन्यांनी आलं, तेही ठरल्यापेक्षा कमी. विम्याचं तर नावच नाही. पंचांनी मागितलं की लगेच हावरटपणा दिसतो, मग गुडघे गेल्यावर त्यांच्याकडे बघणार कोण?