पेढ्याचे पैसे आणि बुडापेस्टचं पाकीट

मुलगा झाला तर हजार, मुलगी झाली तर पाचशे. आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतिगृहाच्या दाराशी आया-मावशींचा हा ‘पेढ्याचा’ दर अजून चालतो. घरच्या ग्रुपवर दादाने लिहिलं, ‘पेढ्याचे पैसे खुशीने दिले, त्यात भ्रष्टाचार कसला?’ मी चिडले, तर काका म्हणाले, ‘तुझ्या युरोपचं कौतुक इथे नको.’

कौतुक कसलं, काका? मी राहते त्या हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये 2020 पर्यंत डॉक्टरला पाकीट देणं ही रीतच होती. इथे त्याला हालापेन्झ म्हणतात, म्हणजे कृतज्ञतेचे पैसे. बाळंतपणात सगळ्यात जास्त: डॉक्टर आधीच ठरवायचा आणि नंतर पाकीट द्यायचं. कम्युनिस्ट काळापासून डॉक्टरांचे पगार तुटपुंजे. उरलेलं रुग्ण भरेल असं सरकारनेच धरलेलं. त्या पाकिटावर आयकरसुद्धा लागायचा! इथले लोकही तेव्हा ‘खुशीने देतो’ असंच म्हणायचे. मग ऑक्टोबर 2020 मध्ये संसदेने डॉक्टरांचे पगार भरघोस वाढवायचं ठरवलं, आणि 1 जानेवारी 2021 पासून पाकीट घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा ठरलं.

माझी मुलगी त्यानंतर इथल्या सरकारी रुग्णालयात झाली. ताज कार्ड, म्हणजे इथलं सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड दाखवलं, चमचा आणि टॉयलेट पेपर घरून नेला, पण कोणी हात पुढे केला नाही. नर्सेसना डॉक्टरांइतकी पगारवाढ मिळाली नाही, आणि हवा तोच डॉक्टर पाहिजे म्हणणारे आता खासगीत जातात, हेही खरं. तरी पाकीट दिलं नाही तर काय होईल, ही भीती गेली.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून मोफत आहे, सिझेरियनसकट. खुशी असती तर रक्कम देणाऱ्याने ठरवली असती. बाळ मावशींच्या हातात आणि आई आत टेबलावर असताना नाही म्हणायची हिंमत कोणाची होणार? आणि मुलीचा दर निम्मा! मी त्याच रुग्णालयात जन्मले. आजीने तेव्हा माझ्यासाठी कमी पैसे मोजले, हे घरात अजून हसत सांगतात. मला ते ऐकवत नाही.

मावशींवर माझा राग नाही. त्यांना कंत्राटावर राबवायचं, पगार थकवायचा आणि वसुली बाळंतिणीकडून होऊ द्यायची, ही सोय कोणाची आहे ते दादाने विचारावं.

‘तू तिथून बोलतेस’ हे मात्र लागतं. आई आजारी पडली की केस पेपरच्या रांगेत दुसरं कोणीतरी उभं राहतं. इथेही डॉक्टरांचं अर्धं बोलणं मला कळत नाही. धाकट्या भावाच्या बायकोचं बाळंतपण आता जवळ आलंय. कोणी पैसे मागितले तर 1064 वर लाचलुचपत खात्याला कळव, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, ‘ताई, टेबलावर मी असणार, तुम्ही नाही.’ तिचं बरोबर आहे. म्हणून तक्रार माझ्या नावाने करायची, असं आमचं ठरलंय.