‘फाईल अपलोड केली, काम संपले’ या समजाचा प्रतिवाद

संशोधनाचा डेटा खुला करण्याचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: मेटाडेटाचे, म्हणजे डेटा कुठे, केव्हा, कसा मोजला हे सांगणाऱ्या सोबतच्या माहितीचे, रकाने भरणे ही निव्वळ कारकुनी आहे, आकडे स्वतः बोलतात, पद्धत शोधनिबंधात असते, अडलेच तर लेखकाला ईमेल करता येते आणि उरलेला अर्थ आता कृत्रिम बुद्धिमत्ता लावेल.

आकडे स्वतः बोलत असते, तर समुद्रपृष्ठाच्या तापमानाने हवामानशास्त्रज्ञांना इतकी वर्षे चकवले नसते. जागतिक सरासरी तापमानाच्या आलेखात १९४५ च्या उत्तरार्धात सुमारे ०.३ अंश सेल्सिअसची अचानक घसरण दिसे. ती समुद्र थंड झाल्यामुळे नव्हे, तर मोजणारी जहाजे बदलल्यामुळे आली, हे डेव्हिड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. युद्धकाळातील बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या आणि ती प्रामुख्याने इंजिनासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान मोजत. युद्धानंतर ब्रिटिश जहाजांचा वाटा वाढला आणि त्यांच्यावर बादलीने वर काढलेले पाणी मोजले जाई, जे तेवढ्या वेळात बाष्पीभवनाने किंचित गार होई. तापमानाच्या रकान्यात मात्र दोन्ही नोंदी सारख्याच. मोजणीची पद्धत अनेक ठिकाणी लिहिलेलीच नव्हती. निदान जहाजाचा देश नोंदलेला होता, म्हणून छडा लागला. पुढे २०१९ मध्ये असेही उघड झाले की १९३० च्या दशकातील काही जपानी नोंदी संगणकीय रूपात आणताना दशांश सरळ गाळले गेले होते. १५.९ चे १५ झाले, की सरासरी जवळजवळ अर्ध्या अंशाने घसरते. ‘दशांश गाळले आहेत’ एवढी एक ओळ सोबत असती, तरी पुरे होते.

शोधनिबंधाचा आधार तोकडा आहे, कारण हजारो फाईली एकत्र करणारा प्रत्येकीचा निबंध उघडून वाचत नाही. ईमेलचे म्हणाल, तर वनस्पती व प्राण्यांवरील ५१६ शोधनिबंधांच्या पाहणीत निबंध जितका जुना, तितकी त्याचा डेटा हाती लागण्याची शक्यता कमी होत गेलेली दिसली.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा वरकरणी बिनतोड वाटतो. स्तंभांची नावे जुळवणे, एककांबाबत शंका काढणे ती करू शकेल; पण जे कोणी लिहिलेच नाही ते ती केवळ अंदाजाने सांगेल, आणि अंदाज एकदा रकान्यात बसला की नोंदीसारखाच दिसतो. एक्सेलने ‘सेप्ट२’ या जनुकाच्या नावाची ‘२ सप्टेंबर’ ही तारीख करून टाकली, तीही अशाच मदतीच्या भावनेने. अखेर २०२० पर्यंत अशा जनुकांचीच नावे बदलावी लागली.

कारकुनीची तक्रार मात्र सर्वस्वी खोटी नाही. एकच माहिती तीनदा मागणारे अर्ज संशोधकांना वीट आणतात आणि त्यांतील निम्मे रकाने ‘लागू नाही’ने भरले जातात. त्यावर उपाय म्हणजे रकाने कमी करणे: एकक, उपकरण, पद्धत, स्थळ, काळ, आणि रिकामी चौकट म्हणजे शून्य, न झालेली मोजणी की बिघडलेले उपकरण, याचा खुलासा. हे सारे मोजणी चालू असतानाच लिहावे, कारण दोन वर्षांनी ते मोजणाऱ्यालाही आठवत नाही.